फुलांचे माप : ग्वांगझोऊच्या बागा आणि बाजार

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छू दाजुन या पंडिताने आपल्या प्रांताविषयी एक जाडजूड ग्रंथ लिहिला. 'ग्वांगदोंग शिन्यू' हे त्याचे नाव. 'ग्वांगदोंगविषयीच्या नव्या गोष्टी' असा त्याचा ढोबळ अर्थ होईल. मिंग घराणे बुडाल्यावरही मनाने त्याच घराण्याशी बांधलेला राहिलेला हा लेखक, आणि म्हणूनच पुढे अठराव्या शतकात छिंग राजवटीने त्याच्या लेखनावर बंदी घातली. ग्रंथात डोंगर, नद्या, मासे, बोली, भुतेखेते असे सारे काही आहे. बाजारांविषयीही एक टिपण आहे. या प्रांतात चार बाजार प्रसिद्ध आहेत, असे तो सांगतो: औषधी वनस्पतींचा, सुगंधी लाकडाचा, मोत्यांचा आणि फुलांचा. पैकी फुलांचा बाजार ग्वांगझोऊ शहराच्या वेशींपाशी भरतो आणि तेथे एकच फूल विकले जाते. श्रीमंत घरे ते पायलीने घेतात, गरीब शेराने. मोती मोजावेत तशी ती फुले मापली जातात.

शेर-पायली हा अर्थात मी आपल्या सोयीसाठी केलेला बदल. मूळ मापे चिनी आहेत. पण या तपशिलाशी मी पुनःपुन्हा थबकतो. फूल ही वस्तू मापाने विकली जाते आणि गरीबही ती विकत घेतो, फक्त लहान मापाने. जगातल्या अनेक शहरांना बागा आहेत, बाजारही आहेत. एखादे शहर आपल्या सामान्य माणसाला फुलापर्यंत कितपत पोहोचू देते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते.

आजचा प्रवासी ग्वांगझोऊत उतरतो तेव्हा हा प्रश्न त्याला पडण्याचे कारण नसते. कँटन या जुन्या नावाने आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक असलेले हे दक्षिण चीनचे महानगर खिसा हलका असलेल्या माणसाला मोठे सोयीचे आहे. मेट्रोचे किमान भाडे दोन युआन. नदी ओलांडणारी नाव त्याहून फार महाग नाही. जनउद्यान, युएश्यू टेकडी, शामियान बेट, लीवान सरोवर या साऱ्या ठिकाणी प्रवेश विनामूल्य. फुलबाजारात हिंडायला पैसे पडत नाहीत. फूल घ्यायचे की नाही हे आपल्या मर्जीवर. दोन-तीन दिवस पायी भटकून, रस्त्याकडेला वाफाळती लापशी खाऊन माणूस तृप्त मनाने परत येऊ शकतो. प्रवासवर्णने येथे संपतात. पण हे उघडे फाटक आणि ही स्वस्ताई शहराला आपोआप मिळालेली नाही. कोणत्या बागेत कोणी चालायचे, यावरून या शहरात करार झाले, नियम झाले आणि रक्तही सांडले. तोच क्रम मनात ठेवून, नदीच्या दक्षिण तीरापासून आरंभ करून, आपण शहर चालू या.

शहराला वळसा घालून जाणाऱ्या नदीचे नाव झूच्यांग, म्हणजे मोत्यांची नदी. तिच्या दक्षिणेला च्वांगथौ नावाचे गाव होते आणि छू दाजुनच्या काळी त्याच्या भोवतालचे सारे शिवार 'सुशिन' या एकाच फुलाच्या लागवडीखाली होते. सुशिन म्हणजे आपली जाई. गावातल्या बाया झुंजुरकाही व्हायच्या आत शेतात उतरत. अंधारात पाने दिसत नाहीत, पांढरे तेवढे दिसते. ज्या कळीचे टोक पांढरे, ती त्या दिवशी उमलणार हे ओळखून खुडायची, आणि आधीच उमललेले फूल झाडावरच सोडायचे. खुडलेल्या कळ्यांना ऊन लागू नये म्हणून त्यांवर ओले फडके. मग व्यापारी नदी ओलांडून येत, माल घेत आणि शहराच्या वेशींवर मांडत. तेथे शेकडो माणसे त्या कळ्यांच्या माळा, झुंबरे आणि दागिने ओवीत बसत. रात्री केसांत माळल्यावर, माणसाच्या अंगच्या उबेने कळी उमले. छू दाजुनचे हे सारे वर्णन वाचताना मराठी वाचकाला 'गजरा' हा शब्द सुचल्यावाचून राहत नाही.

हे साम्य योगायोगाचे नाही. 'नानफांग त्साओमू च्वांग' हा दक्षिणेकडच्या वनस्पतींविषयीचा जुना चिनी ग्रंथ. परंपरा त्याचा काळ इ.स. ३०४ मानते, आज उपलब्ध असलेली संहिता तितकी जुनी आहे का, याविषयी अभ्यासकांना रास्त शंका आहेत. या ग्रंथात दोन सुवासिक फुलांची नोंद येते. ती परक्या लोकांनी पश्चिमेकडच्या देशांतून आणून या किनाऱ्यावर लावली. या मुलखातल्या इतर फुलांना वास नाही, ही दोन तेवढी घमघमतात, कारण ती बाहेरून आली आणि येथल्या मातीनेही बदलली नाहीत. आणि येथल्या बाया रंगीत रेशमाचा दोरा फुलाच्या गाभ्यातून ओवून ती केसांत घालतात. दोन फुलांपैकी एकाचे नाव 'येशिमिंग'. ते फारसी-अरबी 'यासमीन'चे चिनी रूप. दुसऱ्याचे नाव 'मोली'. भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा शब्द संस्कृत 'मल्लिका'वरून आलेला आहे. आज चीनमध्ये मोगऱ्याला मोलीच म्हणतात. त्याच्या कळ्यांचा वास दिलेला चहा सर्वत्र प्यायला जातो, आणि त्याच्यावरचे लोकगीत चीनची ओळख म्हणून जगभर वाजते. पिणाऱ्याला किंवा गाणाऱ्याला आपण एका संस्कृत शब्दाचा उच्चार करीत आहोत याची जाणीव नसते. असण्याची गरजही नाही. आपण तरी 'चहा' म्हणताना कोठे चिनी शब्द उच्चारल्याचे भान ठेवतो!

सुशिन या नावामागे एक दंतकथा आहे. दहाव्या शतकात, ९१७ ते ९७१ या काळात, येथे दक्षिण हान हे छोटेसे राज्य होते. त्याच्या राजवाड्यातली सुशिन नावाची एक स्त्री मेली, तिला नदीपलीकडे पुरले आणि तिच्या थडग्यावर हे सुगंधी फूल उगवले, म्हणून फुलाला तिचे नाव. म्हणजे परदेशातून आलेल्या फुलाला स्थानिक स्त्रीचे मरण जोडून लोकांनी ते आपले करून घेतले. 'हे फूल बाहेरचे' असे सांगणारा पंडितांचा ग्रंथ एकीकडे, आणि 'हे आमच्याच मातीतून उगवले' असे सांगणारी लोककथा दुसरीकडे. साहित्याच्या विद्यार्थ्याने दोन्ही जपून ठेवाव्यात. वनस्पतीचा इतिहास पहिलीत सापडतो, आणि माणसांना त्या वनस्पतीशी कोणते नाते हवे होते ते दुसरीत.

च्वांगथौच्या पश्चिमेला, नदीच्या एका फाट्यावर, फांगत्सुन भागात 'ह्वादी' आहे. कँटनी बोलीत 'फाती'. शब्दाचा अर्थ फुलांची भूमी. येथे रोपवाटिका होत्या. ओळीने मांडलेल्या कुंड्यांत शेवंती, कमेलिया, अझेलिया, गुलाब आणि बुटकी केलेली झाडे विकायला असत. युरोपच्या बागकामाच्या इतिहासात या जागेचे नाव ठळक आहे, आणि त्याचे कारण मोठे विचित्र आहे. युरोपीय माणसाला चीनमध्ये दुसरीकडे कोठे जाण्याची मुभाच नव्हती.

१७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य जहाजांना व्यापारासाठी चीनचे हे एकच बंदर खुले होते. शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीत तेरा वखारी होत्या. परक्यांनी राहायचे ते तेथेच, तेही व्यापाराच्या हंगामापुरते. बायका आणायच्या नाहीत, तटाच्या आत पाऊल टाकायचे नाही. १८१६ मध्ये ठरले की महिन्यातून तीन दिवस, चांद्र महिन्याच्या आठव्या, अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या तिथीला, दुभाषा बरोबर घेऊन, एका वेळी दहापेक्षा जास्त नाही अशा टोळीने, परक्यांनी नदीपलीकडच्या हायच्वांग मठात किंवा फातीच्या बागांत फिरून यावे. चीनविषयी युरोपात लिहिले गेलेले पुष्कळसे 'प्रत्यक्षदर्शी' ज्ञान या तीन तिथींच्या चौकटीतले आहे, हे वाचताना विसरून चालत नाही. एका देशाची बाग म्हणून ज्याचे वर्णन झाले ते एका रोपवाटिकेचे दुकान होते.

तरीही त्या दुकानातून जे बाहेर पडले त्याने जगाच्या बागा बदलल्या. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच बहरत. चिनी गुलाब पुन्हापुन्हा फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हे गुलाब इंग्लंडात पोहोचू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गेलेले काही प्रसिद्ध वाण फातीच्या वाटिकांतलेच होते. वाटेत त्यांतले काही कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात थांबत, म्हणून युरोपात त्यांना 'बंगाली गुलाब' असेही म्हणू लागले. आज आपण ज्याला सर्रास 'विलायती गुलाब' म्हणतो त्यात या चिनी गुलाबांचे रक्त आहे.

पण पोहोचणे सोपे नव्हते. जॉन लिव्हिंग्स्टन नावाच्या, चीनमध्ये असलेल्या इंग्रज शल्यविशारदाने १८१९ मध्ये लंडनच्या उद्यानविद्या संस्थेला हिशोब कळवला. कँटनहून निघालेल्या हजार रोपांमागे एकच लंडनला जिवंत पोहोचते, असा त्याचा अंदाज होता. पेटीसकट एका रोपाचा खर्च सरासरी सहा शिलिंग आठ पेन्स. म्हणजे जगलेले प्रत्येक रोप तीनशे पौंडांहून महाग पडले! फातीच्या कुंडीतले किरकोळ किमतीचे झाड समुद्र ओलांडताच एका घराच्या किमतीचे होते. पायली आणि शेर या मापांच्या पलीकडचे हे तिसरे माप, आणि ते साम्राज्याचे आहे.

या हिशोबात मुंबईही आहे. वखारींच्या त्या पट्टीत इंग्रज, अमेरिकन आणि डच व्यापाऱ्यांप्रमाणे मुंबईचे पारशीही राहत. पांढऱ्या पगड्यांमुळे चिनी लोक त्यांना 'पांढऱ्या डोक्याचे' म्हणत. त्यांतले काही परत आलेच नाहीत. नदीच्या खालच्या अंगाला छांगझोऊ बेटावर त्यांच्या कबरी आहेत. ज्यांच्या नावाचे रुग्णालय आणि कलाशाळा मुंबईत आपण रोज पाहतो ते जमशेटजी जीजीभाई तरुणपणी पाच वेळा चीनला जाऊन आले. त्यांच्या संपत्तीचा पाया कापूस आणि अफू यांच्या चीन-व्यापारात होता. मुंबईहून गलबते माळव्याची अफू घेऊन जात आणि येताना चहा, रेशीम व रेशमावर भरलेली फुले घेऊन येत. पारशी स्त्रियांच्या 'गारा' साड्यांवरच्या शेवंत्या, पिओनी आणि करकोचे हे कँटनकडच्या कारागिरांच्या सुईचे काम. पुढे ते भरतकाम आपल्याकडेही होऊ लागले. अमिताव घोष यांनी 'रिव्हर ऑफ स्मोक' या २०११ च्या कादंबरीत १८३८-३९ च्या कँटनमध्ये मुंबईचा एक पारशी अफूव्यापारी आणि वनस्पतींच्या शोधातली माणसे एकत्र आणली. तो कादंबरीकाराचा चमत्कृतीचा सोस नव्हता. फूल आणि अफू एकाच धक्क्यावर चढत-उतरत होती. कादंबरीने ते दोन हिशोब एका वहीत मांडले, एवढेच.

फांगत्सुनहून नावेने परत उत्तर तीराला आलो की शामियान लागते. मोठमोठ्या वडांच्या आणि कापराच्या झाडांच्या सावलीतले हे छोटे बेट. जुन्या युरोपीय इमारती, मधोमध लांबलचक बाग, बाकांवर पत्ते खेळणारे म्हातारे आणि लग्नाची छायाचित्रे काढून घेणारी जोडपी. आज विनामूल्य आणि प्रसन्न असलेल्या या जागी एकेकाळी वाळूचा दांडा होता. पहिल्या अफूयुद्धात, १८४१ मध्ये, इंग्रज फौजांनी शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्या काबीज केल्या; त्या फौजांत मद्रासचे हिंदी शिपाईही होते. दुसऱ्या युद्धात वखारी जळाल्या आणि इंग्रज-फ्रेंच फौजा १८६१ पर्यंत शहरात ठाण मांडून बसल्या. त्याच सुमारास वाळूच्या दांड्याला दगडी बांध घालून, मुख्य भूमीपासून कालव्याने तोडून, हे बेट तयार करण्यात आले. चार पंचमांश इंग्रजांचे, एक पंचमांश फ्रेंचांचे. पूल दोन, त्यांवर पहारा, आणि रात्री फाटके बंद. आत हिरवळी आणि फुलांचे ताटवे. सामान्य चिनी माणसाने आत यायचे ते नोकर म्हणून.

अर्धशतकात नियम कसा उलटला पाहा. १८१६ मध्ये परका माणूस महिन्यातून तीन दिवस चिनी बागेत जाऊ शकत होता. १८६१ नंतर चिनी माणूस आपल्याच नदीतल्या बागेत मोकळेपणी पाऊल टाकू शकत नव्हता. दोन्ही नियमांत बागेचा उपयोग एकच आहे: कोण कोणाच्या कह्यात आहे हे दाखवणे. पहिला नियम साम्राज्याच्या अहंकाराचा आणि दुसरा तोफेचा, एवढाच फरक. फरक क्षुल्लक नाही. पहिल्याने परक्याचा पाय अडवला, दुसऱ्याने घरच्या मालकाचा.

२३ जून १९२५ रोजी शांघायमधल्या गोळीबाराच्या निषेधार्थ कामगार, विद्यार्थी आणि सैनिक-छात्र यांची मोठी मिरवणूक शामियानसमोरच्या कालव्याकाठाने जात होती. बेटावरून इंग्रज आणि फ्रेंच सैनिकांच्या बंदुका सुटल्या. पन्नासाहून अधिक माणसे मेली. त्यानंतर हाँगकाँग आणि कँटनमधला कामगारांचा संप सोळा महिने चालला. कालव्याकाठच्या त्या रस्त्याचे आजचे नाव 'सहा-दोन-तीन मार्ग', म्हणजे सहाव्या महिन्याच्या तेविसाव्या तारखेचा मार्ग. बागेतल्या बाकावर बसून कालव्यापलीकडे पाहिले की तो रस्ता दिसतो. मार्गदर्शक पुस्तिका हल्ली बेटावरच्या कॉफीच्या दुकानांविषयी अधिक लिहितात. नावाची पाटी मात्र आहे, वाचणाऱ्याने वाचावी.

या घटनेच्या चार वर्षे आधी शहराच्या मध्यभागी वेगळेच काही घडले होते. कँटनचा प्राचीन तट पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम चालू होते. १९२१ मध्ये शहराला नव्या धर्तीची नगरपालिका मिळाली आणि सुन यत्-सेन यांचे पुत्र सुन फो पहिले महापौर झाले. त्याच वर्षी पूर्वीच्या प्रांताधिपतीच्या वाड्याची जागा मोकळी करून तेथे 'पहिले उद्यान' उघडण्यात आले. अमेरिकेत शिकून आलेल्या यांग शिझोंग या वास्तुविशारदाने त्याची आखणी पाश्चात्त्य पद्धतीने, अक्षाच्या दोन्ही बाजूंना समतोल ठेवून केली. शतकानुशतके जेथे फिर्यादी गुडघे टेकायचे तेथे आता कोणीही येऊन नुसते बसू शकत होते. चीनमध्ये बागेची परंपरा फार थोर. पण ती राजाची, पंडिताची, धनिकाची किंवा मठाची बाग होती. 'सार्वजनिक उद्यान' ही कल्पना आली ती शामियानसारख्या जागांतून, म्हणजे ज्यांनी दार लावून घेतले त्यांच्याकडूनच. शहराने कल्पना घेतली आणि दार काढून टाकले. आजच्या जनउद्यानात सकाळी संथ व्यायाम करणारी आणि वाद्ये वाजवणारी मंडळी भेटतात. त्यांना हा इतिहास ठाऊक असेल-नसेल. ते त्याचा रोज उपभोग घेत आहेत.

येथे एका लेखकाच्या मेजाकडे वळणे भाग आहे. जानेवारी १९२७ मध्ये लू शुन या शहरातल्या सुन यत्-सेन विद्यापीठात शिकवायला आले. १५ एप्रिलला क्वोमिन्तांगने शहरात साम्यवाद्यांची आणि डाव्या विद्यार्थ्यांची धरपकड व कत्तल केली. आपल्या विद्यार्थ्यांना सोडवता येत नाही, हे पाहून लू शुन यांनी राजीनामा दिला आणि खोलीत बसून जुने लेखन चाळू लागले. बालपणाच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक, 'पहाटेची फुले संध्याकाळी वेचताना' असे ज्याचे नाव मराठीत करता येईल, त्याची प्रस्तावना १ मे १९२७ या तारखेची आहे. तीत ते आपल्या मेजावरच्या एका रोपाचा उल्लेख करतात. झाडाचा नुसता एक तुकडा, पाण्यात ठेवलेला. त्यापूर्वी त्यांनी तसे कधी पाहिले नव्हते. मातीवाचून तो हिरवागार राहतो. टीपाकार सांगतात की ही अनंताची फांदी. कँटनमध्ये ती पाण्याच्या भांड्यात ठेवण्याची रीत आहे आणि तिला पैसे जवळजवळ पडत नाहीत.

या उल्लेखाचे प्रतीक बनवण्याचा मोह टाळावा. लू शुन यांनी तो टाळला आहे. बाहेर काय घडले हे ते तेथे सविस्तर सांगत नाहीत, सांगता येण्यासारखी परिस्थितीही नव्हती. उष्णता, मावळतीचे ऊन, पाण्यातली फांदी, एवढेच. परंतु तारीख वाचणाऱ्याला ती फांदी निराळी दिसते. शेराच्या मापाने फूल घेणाऱ्या गरिबाला ते का हवे असते, या प्रश्नाचे मला आढळलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर या साध्या नोंदीत आहे.

जनउद्यानाच्या उत्तरेला युएश्यू टेकडी. माथ्यावर १३८० मध्ये बांधलेला चेनहाय मनोरा आणि मिंगकालीन तटाचा राहिलेला तुकडा. मनोऱ्यात आता शहराचे संग्रहालय आहे. खाली १९५० च्या दशकात घडवलेले विस्तीर्ण उद्यान. शहराला धान्याची कणसे आणून देणाऱ्या पाच मेंढ्यांची दंतकथा दगडात कोरलेले प्रसिद्ध शिल्प येथेच आहे. पश्चिमेला लिऊह्वा आणि लीवान, पूर्वेला दोंगशान, ईशान्येला लूहू ही चार सरोवरे १९५८ च्या सुमारास माणसांनी हातांनी खणली. पुराचे पाणी साठवावे हा मूळ हेतू. उद्याने त्यातून झाली. सरकारी इतिहास सांगतो की लक्षावधी नागरिकांनी हे श्रम स्वेच्छेने केले. १९५८ हे 'मोठ्या झेपे'चे वर्ष. त्या वर्षी स्वेच्छा आणि सक्ती यांच्यातली रेषा कोठे होती, हे त्या फावड्यांनाच माहीत. आज काठावरच्या सावलीत बसताना दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्यात: हे तळे माझ्यासाठी फुकट आहे, आणि ते कोणाच्या तरी पाठीवरून आले आहे.

हाच प्रश्न साहित्यातही भेटतो. ग्वांगझोऊला 'ह्वाछंग', फुलांचे नगर, म्हणतात. हे नाव घरोघर पोहोचवण्यात छिन मू (१९१९-१९९२) या निबंधकाराचा मोठा वाटा आहे. 'ह्वाछंग' याच नावाचा त्यांचा निबंध चांद्र नववर्षाच्या फुलबाजारावर आहे. त्याच नावाचा संग्रह १९६१ मध्ये आला. पुढे १९७९ मध्ये येथून निघालेल्या वाङ्मयीन नियतकालिकाचेही तेच नाव. निबंधाचा स्वर उत्सवाचा आहे. गर्दी, रंग, फुलांच्या जाती, नव्या राजवटीत लोकांच्या वाट्याला आलेला आनंद. आणि त्याच वर्षी देश आधुनिक इतिहासातल्या सर्वांत भीषण दुष्काळातून जात होता. मग निबंध खोटा म्हणायचा काय? मला तसे वाटत नाही. बाजार भरला होता आणि माणसे फुले घेत होती. पण जो आनंद निबंध सांगतो त्याच्या कडेला जे सांगितलेले नाही तेही वाचावे लागते. छू दाजुनने श्रीमंतांचे आणि गरिबांचे माप एका वाक्यात शेजारीशेजारी ठेवले होते. छिन मू यांच्या काळी दुसरे माप उच्चारणे अवघड झाले होते.

तो नववर्षाचा बाजार आजही भरतो. वर्षाचे शेवटचे तीन दिवस, शेवटच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत. 'फुलांचा रस्ता चालायला जाणे' असा कँटनी वाक्प्रचार आहे. विकत घेण्यापेक्षा चालण्यावर त्याचा भर आहे. शिहू आणि जियाओयू या रस्त्यांवरचा बाजार सर्वांत नामांकित. पीचच्या फुललेल्या फांद्या, नार्सिससचे कंद, कुंडीतली नारिंगी कुमक्वाटची झाडे. कुमक्वाटला कँटनीत 'कात' म्हणतात आणि शुभ या अर्थाचा शब्दही 'कात'च. म्हणून ते झाड दाराशी हवे. श्लेषावर चालणारा असा बाजार दुसरा क्वचितच असेल. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तो काही वर्षे बंद पडला. २०२१ मध्ये साथीमुळे रस्त्यावर भरला नाही. ज्यांना बेताचेच पैसे खर्चायचे असतात ती घरे शेवटच्या रात्री उशिरा येतात. उरलेला माल विक्रेत्याला परत न्यायचा नसतो, म्हणून भाव पडतात. गरिबाचे शेराचे माप येथे घड्याळाच्या रूपाने जिवंत आहे. फांगत्सुनकडचे घाऊक बाजार मात्र अलीकडच्या वर्षांत पुनर्विकासाच्या रेट्यात आले आणि त्यांतले काही हलवले गेले. शहराची जमीन महाग झाली की पहिला धक्का स्वस्त फुलाला बसतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

एक फूल मात्र या हिशोबातून सुटते. १९८२ मध्ये ग्वांगझोऊने आपले नगरपुष्प म्हणून ज्याची निवड केली ते 'मुमियान' म्हणजे आपली काटेसावर. तेथेही तिची पाने झडतात आणि मार्चच्या सुमारास नागव्या फांद्यांवर लालभडक, जाड पाकळ्यांची फुले येतात. चिनी लोक तिला 'वीरवृक्ष' म्हणतात. सुन यत्-सेन स्मारक सभागृहाच्या आवारात तीनशे वर्षांहून जुनी एक काटेसावर आहे. हे फूल कोणी खुडत नाही. ते आपल्या वजनाने धप्पकन पदपथावर पडते. मग पिशव्या घेतलेल्या आज्या येतात, चांगली फुले निवडून उचलतात आणि घरी नेऊन उन्हात वाळवतात. उन्हाळ्यात त्यांचा काढा किंवा सूप होते. पाच फुलांच्या प्रसिद्ध कँटनी चहातही ती पडतात. या फुलाला पायली नाही, शेर नाही, तिथी नाही आणि फाटकही नाही. हलक्या खिशाच्या प्रवाशाने ग्वांगझोऊला जायचे तर मार्चमध्ये जावे. फूल उचलण्यापूर्वी मात्र एखाद्या आजीला पुढे होऊ द्यावे. तिचा हक्क जुना आहे.